जुन्या डबल-शॉक गाडीला मोनोशॉक मॉडेलचा चिमटा : मापं, स्पेसर आणि शॉकचे कान

बॉक्स_चिमटा

मंडळी, जुन्या डबल-शॉक (मागे दोन शॉक असलेल्या) गाडीवर नंतरच्या एका मोनोशॉक (मागे एकच शॉक असलेल्या) मॉडेलचा अ‍ॅल्युमिनियमचा स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा आपला चिमटा, बसवायचा आहे. मूळ चिमटा गोल पोलादी नळीचा. त्याच्या पिव्होटच्या (फ्रेमला जोडणाऱ्या फिरत्या सांध्याच्या) बुशा गेल्या आहेत आणि उजवा पाय ॲक्सलच्या खाचेपाशी वाकलाय. डोनर, म्हणजे त्या दुसऱ्या गाडीच्या, चिमट्यासोबत चाक, ॲक्सल, स्पेसर, डिस्क आणि कॅलिपर असा पूर्ण सेट आहे.

मापं अशी. फ्रेमच्या पिव्होट-तोंडांमधलं आतलं अंतर २०६ मिमी, पिव्होट बोल्ट १६ मिमी. जुना चिमटा पिव्होटपासून ॲक्सलपर्यंत ४५० मिमी (ॲक्सल खाचेच्या मधोमध), शॉकचा कान (शॉक अडकवायची जागा) पिव्होटपासून ४०० मिमीवर. शॉक डोळ्यापासून डोळ्यापर्यंत ३३० मिमी, दांड्याची चाल ८० मिमी, स्प्रिंग प्रत्येकी २० न्यूटन/मिमी. मागचं टायर १२०/८०-१८, चेन ५३०, मागे ४० दाती स्प्रॉकेट, ड्रम ब्रेक.

डोनर चिमटा ४९० मिमी लांब, पिव्होटची आतली कॉलर १९४ मिमी लांब आणि तिचं भोक २० मिमी. चाक १७ इंची, टायर १३०/७०-१७, चेन ५२०. लिंकेजचे (मोनोशॉकला जोडणाऱ्या सांध्यांचे) कान खालच्या बाजूला आहेत. शॉक दोनच ठेवायचे आहेत, फ्रेम कापायची नाही.

माझे प्रश्न तीन : पिव्होटवरचा १२ मिमी फरक आणि बोल्टचा फरक कसा भरायचा? अ‍ॅल्युमिनियमवर शॉकचे कान वेल्ड केले तर ते टिकतील का? आणि ४० मिमी लांबी वाढल्यावर बाकी काय काय बदलावं लागेल?

गुण्या

एक आधीच सांगतो. नंतरच्या काळातल्या एखाद्या डबल-शॉक मॉडेलचा चौकोनी पोलादी चिमटा मिळत असेल तर तो घ्या. कान कारखान्यातूनच आलेले असतात, त्यामुळे उरतं ते फक्त लेथचं काम. वजन दीड-दोन किलोनं जास्त भरेल, पण अ‍ॅल्युमिनियमवर नवा कान लावणं हा या सगळ्या कामातला सगळ्यात जोखमीचा भाग आहे आणि तो पूर्ण टळतो. शिवाय जुन्या फ्रेमची पिव्होटपाशी जेवढी ताकद आहे, त्याला हा चिमटा पुरेसा ताठ असतो.

मोनोशॉक जसाच्या तसा ठेवून फ्रेमला वरचा कान लावण्याचा विचार तुम्ही केलेला नाही, हे योग्यच आहे. जुन्या फ्रेममध्ये मागचा भार सीटखालच्या दोन नळ्यांवर वाटला जातो. मधल्या आडव्या नळीवर तो कधीच आलेला नसतो.

लेथवाला

पिव्होटचं सांगतो, कारण बहुतेक चुका तिथेच होतात.

आधी रचना डोक्यात पक्की करा. पिव्होट बोल्ट आवळला की फ्रेमची दोन तोंडं, स्पेसर आणि चिमट्याची आतली कॉलर हे सगळं मिळून एक घट्ट दांडा होतो. चिमट्याची बाहेरची नळी बेअरिंगवर त्या कॉलरभोवती फिरते. म्हणजे स्पेसर दाबला पाहिजे कॉलरवर, नळीवर नाही. कॉलर नळीपेक्षा थोडी लांब असते ती त्यासाठीच. स्पेसरचं तोंड रुंद ठेवलं आणि ते नळीच्या कडेला टेकलं, तर बोल्ट आवळताच चिमटा जाम होतो. मग लोक नट ढिला सोडतात, आणि तो ढिला नट पुढे फ्रेमचं भोक लंबगोल करतो.

तुमच्या बाबतीत बोल्टचा फरक आणि रुंदीचा फरक एकाच तुकड्यात भरता येतो. टोपीच्या आकाराचे दोन पोलादी बुश बनवून घ्या. आतला भाग २० मिमी बाहेरचा, १६ मिमी आतला, म्हणजे भिंत २ मिमी, आणि तो कॉलरमध्ये दोन्ही बाजूंनी किमान ४० मिमी आत गेला पाहिजे. बाहेर राहिलेली टोपीची कड हाच तुमचा स्पेसर. माल एन-८ पोलाद किंवा त्याच तोडीचा घ्या. साध्या मऊ सळईची २ मिमी भिंत दाबाखाली फुगते. बुश कॉलरमध्ये अंगठ्यानं दाबून जाईल असा, ०.०१ ते ०.०३ मिमी ढिलाईचा. बोल्टसाठी आतलं भोक १६.०२ ते १६.०५. कडेचा बाहेरचा व्यास कॉलरच्या बाहेरच्या व्यासाएवढाच ठेवा, म्हणजे धूळ-सील त्यावर नीट बसेल.

मूळ कॉलर फेकून मऊ पोलादाची नवी कॉलर करायचा मोह होईल. तो टाळा. नीडल बेअरिंगचे रोलर थेट कॉलरवर चालतात, त्यामुळे तिचा पृष्ठभाग ५८ एचआरसीच्या (कडकपणाच्या रॉकवेल मापाच्या) वर कडक लागतो. लेथवरून उतरलेल्या मऊ कॉलरवर थोड्याच दिवसांत रोलरच्या रेघा उमटतात आणि चिमटा ठरावीक जागी अडकायला लागतो. कॉलर खराबच असेल तर बेअरिंगची तयार इनर रिंग वापरा. एचके २५२० हे बेअरिंग असेल (२५ आत, ३२ बाहेर, २० रुंद) तर त्याला २० × २५ × २०.५ची इनर रिंग तयार मिळते.

बेअरिंग बदलणार असाल तर चिमट्याची नळी साधारण १०० अंशांपर्यंत गरम करा, बेअरिंग सहज निघतं. नवं बसवताना अक्षरं कोरलेल्या बाजूनंच दाबायचं, ती कड जाड असते. हातोड्यानं मारून बसवलेलं नीडल बेअरिंग आतून चेपतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

शेवटी बाजूचा खेळ. आवळल्यावर चिमटा आडवा ०.१ ते ०.३ मिमी हलला पाहिजे, त्याहून जास्त नाही. जास्त असेल तर नळीचं तोंड आणि कड यांच्यात कडक थ्रस्ट वॉशर किंवा शिम (पातळ चकती). फ्रेमच्या आतल्या तोंडांवरचा रंग पूर्ण खरवडून काढा. रंग दबतो, आणि आवळलेला बोल्ट आपोआप ढिला होतो. टॉर्क डोनरचा नाही, तुमच्या जुन्या गाडीच्या मॅन्युअलमधला, कारण बोल्ट तिचाच राहणार आहे.

१२ मिमी मात्र आत्ताच ६-६ असे कापू नका. ते चाकाचा मध्य ठरवेल.

५२०_चेन

लेथवाल्यांचं शेवटचं वाक्य अधोरेखित करा. स्पेसर हा पिव्होटच्या मापावरून नाही, चाकाच्या मापावरून ठरतो.

तात्पुरते लाकडी किंवा पीव्हीसीचे स्पेसर करा, चिमटा-चाक चढवा आणि फ्रेमची मध्यरेषा काढा. पिव्होटच्या दोन तोंडांचा मध्य हाच फ्रेमचा मध्य असेल असं धरू नका, पुष्कळ जुन्या फ्रेममध्ये तो १-२ मिमी बाजूला असतो. हँडलच्या मानेच्या मध्यातून एक आणि सीटखालच्या दोन नळ्यांच्या मध्यातून एक असे दोन ओळंबे सोडा, त्यांना जोडणारी रेषा जमिनीवर खडूनं आखा. मागच्या रिमच्या दोन्ही कडा गुण्या लावून जमिनीवर उतरवा. रिमचा मध्य रेषेपासून किती आणि कोणत्या बाजूला आहे ते लिहा. गाडी आधी सरळ उभी आहे याची खात्री करा, नाहीतर सगळं माप वाया.

दुसरं माप : गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटचा मध्य याच रेषेपासून किती आणि डोनर चाकाच्या स्प्रॉकेटचा मध्य रिमच्या मध्यापासून किती. ही दोन मापं टाका, मग बोलू. हबमध्येच रिम बाजूला धरलेली असू शकते, म्हणून हबच्या मध्यावरून अंदाज नको.

जोडकाम

कानांबद्दल. गुण्या म्हणतात तसं डबल-शॉकचाच चिमटा मिळाला तर उत्तमच. पण मोनोशॉकचा चिमटा मोडेल म्हणून घाबरायचं असेल तर कुठे घाबरायचं ते नीट समजून घ्या.

मोनोशॉक चिमट्यात शॉकचा जोर पिव्होटच्या बराच जवळ लागतो. तिथून ॲक्सलपर्यंतचा सगळा भाग चाकाच्या जोरानं वाकतो, आणि बॉक्स त्याच हिशेबानं केलेला असतो. तुम्ही कान मागे नेलात की त्याच्या पुढच्या भागावरचं वाकणं उलट कमी होतं. म्हणजे वाकण्याच्या ताकदीची चिंता नाही. चिंता दोन गोष्टींची : वेल्डच्या उष्णतेनं मऊ पडलेला पट्टा आणि कानाजवळची पातळ भिंत.

६०६१-टी६ सारख्या मालाची ताकद वेल्डच्या शेजारी निम्म्याच्या आसपास येते आणि पुन्हा उष्णतोपचार केल्याशिवाय परत येत नाही. ७००५ किंवा ७०२० असेल तर साधारण महिनाभरात ती बऱ्याच अंशी आपोआप भरून येते. चिमट्यावर माल लिहिलेला नसतो, म्हणून वाईट तेच धरून चला. मऊ पट्टा पडणारच असेल तर तो बॉक्सच्या बाजूच्या भिंतीवर, उंचीच्या मधोमध पडू द्या. तिथे वाकण्याचा ताण सगळ्यात कमी असतो. वरच्या आणि खालच्या भिंतीवर आडवी वेल्ड एकही नको.

कान म्हणजे भिंतीवर चिकटवलेला खुंटा, असं अजिबात करू नका. मागच्या चाकावर २००० न्यूटन भार धरला आणि खड्ड्यात तो तिप्पट झाला, तर शॉकच्या आणि चाकाच्या हालचालीचं गुणोत्तर ०.८९ असताना एका कानावर जवळपास ३४०० न्यूटन येतात. शॉक भिंतीपासून ३० मिमी बाहेर असेल तर खुंट्याच्या मुळाशी १०० न्यूटन-मीटरचा पीळ. ३ मिमीची भिंत वर-खाली दमते आणि वेल्डच्या कडेनं गोल चीर जाते.

योग्य पद्धत ही : बॉक्सच्या दोन्ही भिंतींतून आरपार जाड अ‍ॅल्युमिनियमची नळी घाला (बाहेरून २५, आतून १२ मिमी), बाहेरच्या भिंतीवर ६ मिमी जाडीची, दोन्ही टोकांना निमुळती केलेली पट्टी, आणि नळी दोन्ही भिंतींना वेल्ड. मग १२ मिमीचा उच्च ताकदीचा बोल्ट आतल्या बाजूनं घालून शॉक बाहेर बसवायचा. पीळ दोन भिंतींमध्ये वाटला जातो. शॉकच्या बाहेरून आणखी एक पट्टी आणून बोल्ट दोन्हीकडून धरता आला तर आणखी चांगलं.

वेल्डिंगच्या आधी बेअरिंग, सील, चेन-घसरपट्टी सगळं काढा. ॲनोडायझिंगचा थर वेल्डच्या जागी पूर्ण घासून काढा, ॲसिटोननं पुसा, मग स्टेनलेसच्या ब्रशनं घासा, आणि हा ब्रश फक्त अ‍ॅल्युमिनियमसाठीच ठेवा. वेल्डिंग एसी टिगनं, फिलरची तार ५३५६. बंद बॉक्स असेल तर एक छोटं श्वास-भोक खालच्या बाजूला हवंच, नाहीतर आतली गरम हवा शेवटचा टाका फोडून बाहेर येते. पिव्होटमध्ये आणि ॲक्सलच्या खाचांत सरळ दांडे घालून चिमटा जाड टेबलाला आवळा, डावा-उजवा आलटून पालटून छोटे टाके घ्या. थंड झाल्यावर दोन्ही दांडे समांतर आहेत का ते मोजा. शेवटी डाय पेनिट्रंटनं (चिरेत शिरणाऱ्या रंगानं) चीर तपासा.

आणि एक पाहायचं राहिलंय. डोनर चिमट्याची मागची टोकं ओतीव असतात आणि बॉक्स त्यांना जोडलेला असतो. तो सांधा पिव्होटपासून किती अंतरावर आहे?

बॉक्स_चिमटा

सगळ्यांचे मनापासून आभार. मोजून आलो.

रिमचा मध्य डोनर कॉलरच्या मध्यापासून २ मिमी डावीकडे आहे. फ्रेमची मध्यरेषा पिव्होटच्या तोंडांच्या बरोबर मध्यातून जाते. गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट डावीकडे, मध्यरेषेपासून ९२ मिमी. डोनर चाकाचं स्प्रॉकेट रिमच्या मध्यापासून ८६ मिमी.

ओतीव टोकाचा सांधा पिव्होटपासून ४२५ मिमीवर आहे. जुन्या चिमट्याचं गुणोत्तर तसंच ठेवायचं तर कान ४३६ वर लावावा लागतो असं माझं गणित येतं, म्हणजे तो सांध्याच्या पलीकडे ओतीव भागावर जातो. तिथे लावू का?

जोडकाम

नको. ओतकामाचा माल वेगळा, त्यात हवेची छिद्रं असतात, आणि सांध्याची जुनी वेल्ड ११ मिमीवर. दोन मऊ पट्टे एकमेकांत मिसळतील. कान ४०० वरच लावा, पट्टी सांध्याच्या आधी संपू द्या. गुणोत्तराचा फरक स्प्रिंगमध्ये भरून काढता येतो, वेल्डमधला दोष कशानंच भरून निघत नाही.

तिरपा_शॉक

मग स्प्रिंगचा हिशेब असा. जुनं गुणोत्तर ४०० ÷ ४५० = ०.८८९. नवं ४०० ÷ ४९० = ०.८१६. चाकाला जाणवणारा कडकपणा गुणोत्तराच्या वर्गानं बदलतो, आणि इथेच लोक फसतात. ०.७९ आणि ०.६६६. म्हणजे २० न्यूटन/मिमीची स्प्रिंग चाकापाशी आधी १५.८ वाटत होती, ती आता १३.३ वाटेल. सुमारे १६ टक्के मऊ. पहिल्यासारखं वाटायला २३.७ हवी, तेव्हा २४ची जोडी घ्या. प्रीलोड (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणं) चढवून हे भरून निघत नाही. प्रीलोडनं गाडीची उंची बदलते, कडकपणा नाही.

रिबाउंड डॅम्पिंगही (दाबलेला शॉक उघडताना होणारा अटकावही) त्याच प्रमाणात वाढायला हवं. शॉकला त्याचा स्क्रू नसेल तर तेल थोडं जड घ्यावं लागेल. स्प्रिंग कडक आणि डॅम्पिंग जुनंच, अशा गाडीचं मागचं चाक खड्ड्यानंतर दोन-तीनदा उसळतं.

चाल. ८० मिमी शॉकची चाल आधी चाकापाशी ९० होती, आता ९८ होईल. हे ८ मिमी मडगार्डच्या खाली आहेत का ते पाहावंच लागेल.

उंची. १२०/८०-१८ची त्रिज्या सुमारे ३२५ मिमी, १३०/७०-१७ची ३०७. मागचा भाग १८ मिमी खाली. चिमटा १० अंश खाली झुकलेला धरला तर ४० मिमी जादा लांबीमुळे ॲक्सल ७ मिमी खाली जातो, म्हणजे फ्रेम ७ मिमी वर. निव्वळ ११ मिमी खाली. शॉक ११ × ०.८१६, म्हणजे ९ मिमी लांब घेतला की मूळ उंची येते. ३४० मिमीचा शॉक बरोबर बसेल.

त्याहून लांब घेऊ नका. १४०० मिमीच्या आसपासच्या व्हीलबेसवर मागची बाजू २५ मिमी उचलली तर पुढच्या फॉर्कचा कोन १ अंशानं उभा होतो आणि ट्रेल (हँडलच्या फिरण्याची रेषा जमिनीला लागते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) साधारण ६ मिमी घटतो. वेगात हँडल हलकं लागायला तेवढं पुरतं. शिवाय चिमटा जास्त उतरता झाला की चेन त्याच्या वरच्या पृष्ठभागावर घासते.

५२०_चेन

तुमची मापं छान आली आहेत.

रिम २ मिमी डावीकडे आहे, तर चिमटा २ मिमी उजवीकडे सरकवायचा. १२ मिमीची वाटणी : डावा बुश ८ मिमी, उजवा ४ मिमी. चाक मध्यावर आलं.

आता चेनलाइन, म्हणजे पुढचं-मागचं स्प्रॉकेट एका रेषेत आहे का. पुढे ९२, मागे ८६, फरक ६ मिमी. चाक मध्यावरून हलवून हा फरक भरायचा नाही. चाक ६ मिमी बाजूला गेलं की गाडी एका बाजूला ओढते, आणि चेनसाठी चाकाचा बळी देणं ही उलटी प्राधान्यं झाली.

वाट अशी. पुढच्या शाफ्टवर बसणारं तयार ५२० स्प्रॉकेट मिळत नसेल तर ५३० चं स्प्रॉकेट घासून ५२० करता येतं. दोन्हींचा पिच १५.८७५ मिमीच आहे, रोलरही तोच. फरक आतल्या रुंदीत, ९.५३ आणि ६.३५. हा ३.१८ मिमीचा फरक स्प्रॉकेटच्या बाहेरच्या तोंडावरून घासला तर दातांचा मध्य १.६ मिमी आत येतो. ९२ चे ९०.४ झाले. दात कडक केलेले असतात, त्यामुळे सरफेस ग्राइंडरवर घासून घ्या, शेवटी दातांच्या कडा मूळ उतारासारख्या निमुळत्या करायला विसरू नका. बोचकी कड चेनच्या पट्ट्या खाते.

उरले ४.४ मिमी. ते मागच्या स्प्रॉकेटखाली स्पेसर-चकती घालून. चकतीला हबच्या मधल्या उंचवट्यावर बसणारी पायरी आत आणि स्प्रॉकेटला मध्यात धरणारी पायरी बाहेर अशा दोन्ही हव्यात. नुसत्या वॉशरवर स्प्रॉकेट उचललं तर ते बोल्टवरच लटकतं आणि बोल्ट मुळाशी तुटतात. बोल्ट ४.४ मिमी लांब घ्या, आटे पूर्ण लागले पाहिजेत. स्प्रॉकेट बाहेर सरकल्यामुळे टायर आणि चेनमध्ये जागा वाढते, ती चांगली गोष्ट. पण स्प्रॉकेटच्या बोल्टची डोकी चिमट्याच्या आतल्या भिंतीपासून किमान ३ मिमी लांब आहेत ना ते बघा.

गिअरिंग. मागची त्रिज्या साडेपाच टक्क्यांनी घटली, म्हणजे इंजिन तेवढं जास्त फिरणार. ४० ऐवजी ३८ दाती स्प्रॉकेट लावलं की जवळपास जुन्यावर येतं. याचा एक फायदाही आहे. ॲक्सल ४० मिमी मागे गेला म्हणून चेन ८० मिमी लांब हवी, म्हणजे ५ लिंका आणि थोडं. चेन जोडीनंच वाढते, त्यामुळे ६ घ्याव्या लागल्या असत्या आणि ॲक्सल खाचेत साडेसात मिमी मागे गेला असता. पण दोन दात कमी झाले की एक लिंक वाचते. उरल्या ४. जुनी चेन १०४ लिंकांची असेल तर नवी १०८, आणि ॲक्सल खाचेच्या बरोबर मधे.

बॉक्स_चिमटा

हे फारच नेमकं झालं. ब्रेक आणि खालचे लिंकेजचे कान राहिले. कान कापून टाकू का?

गुण्या

आधी चाल तपासा, मग कापण्याचं ठरवा. दोन्ही शॉक काढा आणि त्यांच्या जागी जाड पट्टीत भोकं पाडून खोटे शॉक लावा : एक भोक पूर्ण उघड्या लांबीचं (३४०), एक पूर्ण दाबलेल्या लांबीचं (२६०). दोन्ही स्थितींत चाक हातानं फिरवा. दाबलेल्या स्थितीत टायर-मडगार्ड, टायर-बॅटरीचा डबा, लिंकेजचे कान-सायलेन्सरची आडवी नळी, मधला स्टँड. उघड्या स्थितीत चेन-चिमटा, ब्रेकची नळी ताणली जाते का. टायरला सगळीकडून ६ ते ८ मिमी मोकळी जागा हवी, कारण वेगात ते फुगतं. आधीच्या मधल्या स्टँडचा डावा पाय चेनला लागण्याची शक्यता या बदलात बरीच असते.

लिंकेजचे कान कुठे लागत नसतील तर राहू द्या. कापायचेच असतील तर मुळापासून १० मिमी सोडून कापा आणि गोल घासा. वेल्डला चिकटून कापलं की तिथेच चिरेची सुरुवात होते.

चेनची ढील मोजायची ती गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट, पिव्होट आणि ॲक्सल एका रेषेत असताना, कारण तिथे चेन सगळ्यात ताणलेली असते. त्या जागी चेन मधोमध १० ते १५ मिमी हलली पाहिजे. मग गाडी स्टँडवर घेऊन तीच ढील किती दिसते ते मोजून लिहून ठेवा. पुढे तोच आकडा वापरायचा. जुन्या मॅन्युअलमधला ढिलाईचा आकडा या चिमट्याला लागू नाही. डोनरची घसरपट्टी नवी लावा, चेन थेट अ‍ॅल्युमिनियमवर घासली तर खोल चर पडतो.

लेथवाला

ब्रेक. डोनरचा कॅलिपर-ब्रॅकेट चिमट्यावरच्या खाचेत अडकतो, त्यामुळे ब्रेकचा जोर थेट फ्रेमवर येत नाही. इथे नवं काही करायचं नाही. मास्टर सिलिंडरही डोनरचाच घ्या. वेगळ्या गाडीचा घेतला आणि त्याचा बोअर मोठा निघाला, तर पेडल दगडासारखं कडक आणि ब्रेक कमी. लहान निघाला तर पेडल खोल जातं. फूटरेस्टच्या पट्टीवर तो पेडलच्या सरळ रेषेत बसवा. ढकलदांडा तिरपा लागला तर पिस्टन एका बाजूनं झिजतो. पेडल सोडल्यावर ढकलदांड्याला १ ते २ मिमी मोकळीक ठेवा. ती नसेल तर तेल परत जायचं भोक बंद राहतं, तेल तापून फुगतं आणि ब्रेक चालता चालता धरतो.

ब्रेकची नळी पिव्होटच्या जवळून नेऊन चिमट्याच्या वरच्या बाजूला दोन ठिकाणी क्लिप करा, चेनच्या बाजूनं नाही. स्टॉप-लाइटचा स्विच विसरला जातो : ड्रमच्या पेडलवरचा स्प्रिंगवाला स्विच नव्या पेडलला लागत नसेल तर बँजो बोल्टमधला (ब्रेकची नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टमधला) दाबाचा स्विच घ्या.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर पिव्होट, कानांचे बोल्ट, स्प्रॉकेटचे बोल्ट आणि कॅलिपर तपासा, मग ५०० वर पुन्हा. दर वेळी कानाच्या पट्टीची टोकं पुसून प्रकाशात बघा. वेल्डलगत बारीक काळी रेघ दिसली तर गाडी तिथेच थांबवा.

बॉक्स_चिमटा

बुश टर्नरकडे टाकतो आहे : डावा ८, उजवा ४, दोन्ही २०/१६, आत ४० मिमी. कान ४०० वर, स्प्रिंग २४, शॉक ३४०, ३८ दाती, १०८ लिंका. काही चुकलं असेल तर आत्ताच सांगा.

लेथवाला

बरोबर आहे. एवढंच करा की डाव्या बुशच्या कडेवर बाहेरून एक बारीक खाच पाडून घ्या. पुढे कधी चिमटा उतरवला आणि ८ आणि ४ची अदलाबदल झाली, तर चाक ४ मिमी डावीकडे बसेल, चेन आतून घासेल, आणि उघडून पाहीपर्यंत कारण कळणार नाही.